वेइबोवरचा जयघोष आणि कीव्हमधली मुलं

२४ फेब्रुवारी २०२२. रशियाच्या फौजा युक्रेनमध्ये शिरल्या आणि कीव्हमधल्या चिनी दूतावासानं आपल्या नागरिकांना कळवलं: गाडीनं लांब निघणार असाल, तर दर्शनी भागावर चिनी राष्ट्रध्वज लावा. तेव्हा युक्रेनमध्ये सुमारे ६,००० चिनी नागरिक होते. त्यांत विद्यार्थीही होते.

दोन दिवसांच्या आत दूतावासाचा सूर पालटला. आपण चिनी आहोत हे उगाच उघड करू नका, असं आता सांगितलं जात होतं.

मधल्या काळात वेइबो या ट्विटरसारख्या चिनी समाजमाध्यमावर, चीनच्या त्या अवाढव्य चावडीवर, पुतिन यांचा जयजयकार सुरू होता. युक्रेनच्या देखण्या मुलींना आम्ही आसरा देऊ, अशा गलिच्छ कमेंट्स पडत होत्या. त्यांची भाषांतरं युक्रेनमध्ये पोचली. युद्धात अडकलेल्या चिनी मुलांनी व्हिडिओ टाकून देशबांधवांना विनवलं, की हे थांबवा, त्याची किंमत आम्हाला मोजावी लागतेय. मग कुठे वेइबोनं पोस्ट काढल्या, काही खाती बंद केली.

या जयघोषामागे अमेरिका आणि तिच्या नेतृत्वाखालच्या नाटो या लष्करी युतीवरचा राग आहे. या रागाला इतिहास आहे, तो नाकारून चालणार नाही. ७ मे १९९९ च्या रात्री, नाटोच्या युगोस्लाव्हियावरील हल्ल्यांदरम्यान, अमेरिकी बॉम्ब बेलग्रेडमधल्या चिनी दूतावासावर पडले. तीन चिनी पत्रकार मारले गेले. चूक झाली, असं अमेरिकेनं सांगितलं. चीनमध्ये ते फारसं कुणाला पटलं नाही. दोनच दिवसांत 'पीपल्स डेली' या कम्युनिस्ट पक्षाच्या मुखपत्रानं निषेधासाठी ऑनलाइन मंच उघडला. चीनमधला इंटरनेटवरचा राष्ट्रवाद तिथे बोलायला शिकला. युक्रेनवर हल्ला झाला त्याच सुमारास चीनच्या परराष्ट्र खात्याच्या प्रवक्त्या म्हणाल्या, नाटोकडे आमच्या रक्ताचं देणं अजून बाकी आहे.

पण राग खरा असला, तरी पडद्यावर दिसतं ते सगळ्या चीनचं मत नव्हे. २६ फेब्रुवारीला नानजिंग, बीजिंग, हाँगकाँग, छिंगह्वा आणि फुदान या विद्यापीठांतल्या पाच इतिहासकारांनी रशियाच्या आक्रमणाला विरोध करणारं खुलं पत्र लिहिलं. काही तासांत ते चिनी इंटरनेटवरून गायब झालं. ओडेसातून युद्धाविरुद्ध रोज बोलणाऱ्या एका चिनी प्रोग्रॅमरचे व्हिडिओही चीनमध्ये बंद झाले. जयघोष मात्र दिवसचे दिवस तसाच राहिला. तेव्हा वेइबोवरच्या चार कमेंट्स दाखवून 'चिनी जनता काय म्हणते' अशा बातम्या करणं मला घातक वाटतं.

आपल्या सीमेवरचंच पाहा. १५ जून २०२० ला गलवानमध्ये २० भारतीय जवान शहीद झाले. स्वतःचे किती सैनिक गेले, हे चीननं आठ महिने सांगितलं नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये चार हा आकडा जाहीर झाला. सुमारे २५ लाख फॉलोअर असलेल्या एका माजी पत्रकारानं वेइबोवर त्या आकड्यावर शंका घेतली. नानजिंगच्या न्यायालयानं शहीदांच्या बदनामीबद्दल त्याला आठ महिन्यांची कैद दिली, वर जाहीर माफीही मागायला लावली. ज्या कलमाखाली ही शिक्षा झाली, ते १ मार्च २०२१ ला लागू झालं. त्याच्या पोस्ट त्याआधीच्या, फेब्रुवारीतल्या होत्या.