उतार तोच, उंची वेगळी

४ जून १९४७. स्कॉटलंडमधल्या शाळांत त्या दिवशी एकच परीक्षा आहे. १९३६ साली जन्मलेली जवळजवळ सगळी मुलं, सत्तर हजारांहून जास्त, तीच प्रश्नपत्रिका सोडवतायत. शब्द, आकडे, तर्काची कोडी. वेळ पाऊण तास. गुण वह्यांत उतरवले गेले, वह्या बंद झाल्या.

पन्नासेक वर्षांनी इयन डिअरी आणि लॉरेन्स व्हॉली या संशोधकांनी त्या नोंदी पुन्हा शोधून काढल्या. हे घबाडच होतं. एखाद्या आजोबांचं डोकं ऐंशीव्या वर्षीही तल्लख असतं, ते मुळातच तसं होतं की आयुष्यभराच्या वाचनानं तसं झालं? लहानपणीचं माप हाती असल्याशिवाय याचं उत्तर कसं देणार?

ॲबर्डीनमध्ये त्या मुलांपैकी ४९८ जण अभ्यासात सहभागी झाले. तेव्हा ते चौसष्टीच्या आसपास होते. पुढच्या १५ वर्षांत, जास्तीत जास्त पाच वेळा, त्यांची स्मरणशक्ती आणि विचारांचा वेग तपासला गेला. वाचनाची ओढ किती, अवघड प्रश्नाशी झटायला आवडतं का, हेही विचारलं.

निष्कर्ष २०१८च्या डिसेंबरमध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आले. ज्यांना डोकं लढवायची आवड होती, त्यांची कामगिरी वरच्या पातळीवर होती. पण वयाबरोबर होणारी घसरण? तिचा वेग त्यांच्या बाबतीतही कमी झालेला दिसला नाही.

काहींना हे निराशाजनक वाटेल. मला तसं वाटत नाही. दोघं सारख्याच वेगानं डोंगर उतरत असले, तरी जो जास्त उंचावरून निघाला तो पायथ्याशी उशिरा पोचतो. औषधांच्या वेळा, पैशांचा हिशेब, ओळखीचा रस्ता हे सगळं त्याला आणखी काही वर्षं आपलं आपण जमू शकतं. म्हातारपणी ही वर्षं फार मोलाची असतात.

मात्र सत्तरीत शब्दकोडी सोडवायला घेतली की विसरभोळेपणा थांबेल, असं आश्वासन या अभ्यासातून देता येत नाही. शिवाय हा निरीक्षणाचा अभ्यास आहे. आवडीमुळे बुद्धी वाढली की बुद्धीमुळे आवड, हे त्यातून पुरतं सुटत नाही. आणि स्मृतिभ्रंश झालेल्या कुणाच्या आईकडे बघून ‘यांनी डोकं वापरलं नसेल’ असं म्हणणं तर निव्वळ क्रूरपणा आहे. त्याला या आकड्यांत काडीचाही आधार नाही.