सुंभाचा टाका

(दृश्य : दक्षिण गोव्याचा किनारा, भरतीची वेळ)

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. ती ओढायची म्हणजे अख्ख्या वाड्याचं काम. होडी जाळं घेऊन लाटा फोडत आत शिरायची, वळसा घालत जाळं सोडायची आणि पुन्हा किनाऱ्याला लागायची. मग दोन्ही टोकांना माणसं. धक्का वगैरे काही नाही. होडी सरळ वाळूवर आपटायची. असला मार रोज खायचा तर अंग थोडं लवायला हवं. म्हणून रापणीची होडी खिळ्यांनी ठोकत नसत, शिवत.

(दृश्य : फळ्यांचा सांधा, जवळून)

नीट बघा. दोन फळ्या काठाला काठ लावून बसवल्यात. दोन्ही काठांवर समोरासमोर भोकं. सांध्यावर काथ्याची जाड वळी दाबून ठेवायची आणि तिच्यावरून सुंभ आत-बाहेर, आडवातिडवा ओवत न्यायचा. एक माणूस आत, एक बाहेर. प्रत्येक टाका दांडक्याचा पीळ देऊन आवळायचा, मग भोकं काथ्या नि राळेनं बुजवायची, वरून तेलाचा हात. टाका सैल राहिला तर चुगली करायला पाणी बसलेलंच असतं.

हा सुंभही आयता येत नाही. नारळाची सोडणं खाऱ्या पाण्यात कित्येक महिने कुजवायची, बडवून तंतू सोडवायचे, मग वळायचे. लोखंडाला खारं पाणी खातं. काथ्या त्या पाण्यातच तयार झालेला. तरी तो अमर नाही. झिजला की टाके उसवायचे, फळी खराब असेल तर तेवढीच बदलायची आणि पुन्हा शिवायचं.

तेराव्या शतकात मार्को पोलोनं इराणच्या आखातातल्या होर्मुझ बंदरात अशी शिवलेली जहाजं पाहिली आणि ती धोक्याची ठरवली. खिळ्यांच्या मुलखातला माणूस, त्याला तसं वाटणारच! अरबी समुद्रातला व्यापार मात्र त्याच्या आधी आणि नंतरही याच टाक्यांवर चालला.

(दृश्य : मासेमारी जेटी, ट्रॉलरची रांग)

रापणीच्या होडीला बुडवलं ते समुद्रानं नव्हे. सत्तरच्या दशकात यांत्रिक ट्रॉलर किनाऱ्यालगत घुसले, मासळी आटली, रापणकार रस्त्यावर उतरले. 1980 मध्ये सागरी मासेमारी नियमनाचा कायदा आला. तोवर बरंच हातचं गेलं होतं. पुढे फायबरची होडी आली. तिला दरवर्षी शिवत बसावं लागत नाही, आणि ज्याला रोज समुद्रात जायचंय त्याला यासाठी दोष कोण देणार?

(दृश्य : जुने गोवे, पुरातत्त्व संग्रहालय)

गोव्यावर राज्य केलेल्या कदंबांच्या काळातल्या वीरगळांवर, म्हणजे वीरांच्या स्मारकशिळांवर, जहाजं कोरलेली आहेत. लढणारे दिसतात, वल्ही दिसतात. फळ्या कशा जोडल्या, हे मात्र दगड सांगत नाही.

(दृश्य : मांडवी, दिवाडीची फेरी)

ते सांगायला माणूसच लागतो. याच दिवाडी बेटावर अजिंठ्याच्या चित्रावरून एक अख्खं जहाज शिवलं गेलं. सांस्कृतिक मंत्रालय, नौदल आणि होडी इनोव्हेशन्स ही गोव्यातली बोटी बांधणारी कंपनी यांचा करार जुलै 2023 चा. नकाशा नाही, आराखडा नाही. हाताशी फक्त पाचव्या शतकातलं चित्र. आयआयटी मद्रासनं प्रतिकृतीच्या चाचण्या घेतल्या, पण टाके घातले ते केरळच्या कारागिरांनी, बाबू शंकरन यांच्या देखरेखीखाली. गोव्याचं बेट आणि हात केरळचे, हे जरा टोचतंच. 21 मे 2025 रोजी कारवारला ते नौदलात दाखल झालं, नाव 'कौण्डिन्य'. इंजिन नाही, चौकोनी शिडं आणि सुकाणूऐवजी वल्ही. डिसेंबरअखेर पोरबंदर सोडून जानेवारी 2026 मध्ये ते मस्कतला पोचलंसुद्धा.

अशा जहाजाला पुढे संग्रहालयात जागा मिळते. ओमाननं शिवून घेतलेलं 'ज्वेल ऑफ मस्कत' 2010 मध्ये समुद्रमार्गे सिंगापूरला गेलं आणि तिथल्या संग्रहालयात विसावलं. पण दालनातल्या कोरड्या हवेत फळ्या आकसतात आणि टाके ढिले पडतात. काच लावून, पाटी टांगून ते थांबत नाही.

गोव्यात कधी रापणीच्या होडीसाठी दालन झालं, तर काथ्याचा नि राळेचा खर्च वर्षाच्या अंदाजपत्रकात धरावा लागेल. टाके लोकांसमोर उसवून पुन्हा घालायला हवेत. आणि शिवणाऱ्याला उद्घाटनाच्या दिवशी शाल-श्रीफळ देऊन वाटेला लावू नये. त्याला महिन्याच्या पगारावर ठेवावं, हाताखाली दोन पोरं देऊन.