डेटाच्या तक्त्यातला कॉलम कोणता घ्यायचा हे कोण ठरवतं?

हा कॅलिफोर्नियातला बर्कली विद्यापीठाचा कॅम्पस. इथं 2015 मध्ये डेटा 8 नावाचा कोर्स सुरू झाला, कोडिंगचा गंध नसला तरी कुणालाही घेता येईल असा, आणि त्याला इतकी गर्दी व्हायला लागली की 2018 मध्ये डेटा सायन्सची वेगळी डिग्रीच सुरू करावी लागली. या डिग्रीला एक अट आहे आणि आजचा व्हिडिओ त्या अटीवरच आहे. स्टॅट्स म्हणजे संख्याशास्त्र आलं, मशीनला डेटावरून शिकवायचं मशीन लर्निंग आलं, तरी डेटाचा माणसांशी आणि समाजाशी काय संबंध असतो हे शिकवणारा एक कोर्स पास केल्याशिवाय ही डिग्री हातात पडत नाही.

त्यातला एक कोर्स म्हणजे डेटा 104. हा इतिहास विभागातूनही घेता येतो, आणि ज्यांनी हा सगळा डोलारा उभा करण्यात पुढाकार घेतला त्या कॅथरिन कार्सन स्वतः विज्ञानाच्या इतिहासकार आहेत. आता डेटाच्या वर्गात इतिहासवाल्यांचं काय काम असं कुणालाही वाटेल, तर 1940 ची अमेरिकेची जनगणना घ्या. लोकांनी माहिती दिली ती गुप्त राहील या भरवशावर, आणि 1942 मध्ये जपानशी युद्ध पेटलेलं असताना जपानी वंशाची माणसं कुठल्या वस्तीत किती राहतात याचे तक्ते त्याच जनगणनेतून लष्कराकडे गेले. सुमारे 1 लाख 20 हजार लोकांना घरदार सोडून छावण्यांत जावं लागलं, त्यातले बहुतेक अमेरिकेचेच नागरिक होते, बर्कलीत शिकणारी मुलंसुद्धा होती. तक्त्यात नाव कुणाचंच नव्हतं, फक्त आकडे होते, तेवढे पुरले.

आता अलीकडची गोष्ट, ही जरा नीट बघूया. अमेरिकेत हॉस्पिटलं एक अल्गोरिदम, म्हणजे डेटावरून हिशोब करणारा प्रोग्रॅम वापरायची, कुठल्या पेशंटकडे जास्त लक्ष द्यायला हवं हे सांगणारा. त्यात वंशाचा कॉलम नव्हताच. पण कोण किती आजारी आहे हे थेट मोजणं अवघड, म्हणून बनवणाऱ्यांनी उपचारावर किती खर्च होईल हा आकडा धरला, डेटा तयार होता, स्वच्छ होता. घोळ इथंच झाला, कारण तेवढाच आजार असला तरी काळ्या पेशंटवर खर्च कमी होत होता, त्यांना दवाखान्यापर्यंत पोचणंच जड जातं, म्हणून मशीनला वाटलं हे लोक तब्येतीने बरे आहेत. 2019 मध्ये बर्कलीचेच झियाद ओबरमायर आणि सहकाऱ्यांनी हे उघड केलं. त्यांचा हिशोब असा, की ही चूक सुधारली तर जादा मदत मिळणाऱ्यांमधलं काळ्या पेशंटचं प्रमाण 17.7 टक्क्यांवरून 46.5 टक्क्यांवर जाईल.

कोडमध्ये बग नव्हता हो. कॉलम निवडताना चुकलं. म्हणूनच मला मनापासून वाटतं की शेवटच्या सेमिस्टरला नीतिमत्तेचं एक लेक्चर उरकून भागत नाही, ज्या तासाला मुलं कॉलम निवडतायत त्याच तासाला हा प्रश्न यायला पाहिजे. हार्वर्डने 2017 मध्ये नेमकं हेच सुरू केलं, कॉम्प्युटर सायन्सच्या बार्बरा ग्रोझ आणि तत्त्वज्ञानाच्या ॲलिसन सिमन्स यांनी मिळून. तिथं तत्त्वज्ञानाचे लोक नेहमीच्या कॉम्प्युटरच्या कोर्समध्ये येऊन शिकवतात, त्या कोर्सचाच विषय धरून. स्टॅनफर्डमध्येही 2019 पासून तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि कॉम्प्युटरचे प्राध्यापक एकाच वर्गात उभे राहून शिकवायला लागले.

आणि आपल्याकडे असा वर्ग भरवायचा तर साहित्य कमी नाही. देशातला पहिला आधार नंबर दिला गेला तो 2010 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत, आणि खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे हा 2017 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आधारच्याच खटल्यातून आला. कष्टाची कामं करून बोटं घासली की ठसा उमटत नाही, रेशन दुकानातलं मशीन नाही म्हणतं. डेटा सायन्सच्या मुलांना हाच प्रोजेक्ट द्या की, मशीनवर फेल आलेल्या घरांना त्या महिन्यात धान्य मिळालं का, हे शोधायला कुठला डेटा लागेल, आणि तो नसेल तर कुणाच्या दारात जाऊन विचारायचं.