कुकर पुसायला आवडेल का?

नमस्कार श्रोतेहो. मागच्या बुधवारी आपण काळ संपवले. आज इंग्रजीतली मोडल क्रियापदं. कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड आणि मस्ट. झाले नऊ. शाळेत यांची ओळख फळ्यावरच्या दोन रकान्यांत झाली. कॅन म्हणजे शकणे, मस्ट म्हणजे पाहिजेच, मे आणि माइट म्हणजे कदाचित. वहीत उतरवा, पाठ करा. मीही पाठ केलं, आणि त्या वहीच्या भरवशावर 1994 साली सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी इंग्लंडला गेलो.

व्याकरण आधी उरकून घेतो. हे शब्द माणूस बघून बदलत नाहीत. ‘ही गोज’ होतं, पण ‘ही कॅन्स’ होत नाही. आपलं ‘पाहिजे’ बघा ना. मी गेलं पाहिजे, त्यानं गेलं पाहिजे, साहेबांनीसुद्धा गेलं पाहिजे. पाहिजे आपलं जागच्या जागी. दुसरं, यांच्यापुढचं क्रियापद मूळ रूपात येतं, मध्ये ‘टू’ येत नाही. कॅन गो. मस्ट गो. पुन्हा सांगतो, मध्ये टू नाही. ‘ऑट’ नावाचा यांचा एक नातेवाईक टू घेऊनच फिरतो, पण त्याला आज बोलावलेलं नाही.

तर इंग्लंड. एका निवृत्त बाईंच्या घरी मी भाड्यानं राहत होतो. वरची खोली माझी, स्वयंपाकघर दोघांत. घरून नेलेला तीन लिटरचा कुकर होता. मोहरी, हिंग, हळद आईनं पुड्या बांधून दिलेली. आता विजेच्या शेगडीवर फोडणी करणं म्हणजे काय छळ असतो! आधी तापता तापत नाही, आणि तापली की बंद केली तरी थांबत नाही. मोहरी उडायची ती थेट त्या शेगडीच्या पांढऱ्या शुभ्र पत्र्यावर. आणि हळदीचा डाग कसा बसतो ते तुम्हाला सांगायला नको.

तिसऱ्या दिवशी मी आमटी खात बसलो होतो. बाई दारात आल्या आणि फार गोड आवाजात म्हणाल्या, “यू माइट लाइक टू वाइप द कुकर डाउन आफ्टरवर्ड्स.”

मी मनातल्या मनात वही उघडली. यू माइट लाइक, म्हणजे तुला कदाचित आवडेल. काय आवडेल? कुकर पुसायला. मी सिंककडे बघितलं. माझा कुकर घासून, पालथा घालून ठेवलेला, चकचकीत. असलं काही आवडेल का, हे मला तोवर कुणी विचारलं नव्हतं. आमच्या घरात आवडीचा प्रश्नच नसायचा, ज्याची पाळी त्यानं घासायचं. मी नम्रपणे म्हणालो, “नो, थँक यू.”

बाई क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या आणि निघून गेल्या.

आठवड्यानं पुन्हा तेच. या वेळी वाक्यात एक ‘रिअली’ वाढला होता. मला वाटलं, हिला माझ्या कुकरची काळजी लागून राहिली आहे. मी म्हणालो, “नो, थँक यू. इट इज ड्राय.”

तिसऱ्या आठवड्यात संध्याकाळी घरी आलो तर शेगडीवर चिठ्ठी. ‘क्लीन धिस.’ खाली बाण, आणि बाणाच्या टोकाशी माझा हळदीचा डाग. वाक्यात ना माइट, ना लाइक.

दुसऱ्या दिवशी प्रशिक्षणातल्या एका सहकाऱ्याला चिठ्ठी दाखवली. तो हसून हसून खुर्चीवरून पडायचा राहिला. तिकडे कुकर म्हणजे शेगडी! आपल्या कुकरला ते प्रेशर कुकर म्हणतात. बरं, कुकरचा अर्थ मला शब्दकोशात सापडला असता. माइटचा नसता सापडला. त्या बाईंचा ‘माइट’ कदाचित नव्हता. तो हुकूम होता. मऊ कापडात गुंडाळलेला हुकूम.

तो मऊपणा येतो कुठून? कुड, वुड, माइट, शुड ही मुळात कॅन, विल, मे, शॅल यांची भूतकाळी रूपं. पुन्हा सांगतो, मुळात भूतकाळी रूपं. इंग्रज माणूस बोलणं सौम्य करायला एक पाऊल भूतकाळात सरकतो. आपणही सरकतो. कुणाच्या दारात उभं राहून आपण म्हणतो, “थोडं काम होतं तुमच्याकडे.” होतं? अहो, काम अजून आहे, म्हणून तर चपला काढताय. मराठीत हे सगळं आपल्याला येतं आणि इंग्रजी बोलताना नेमकं विसरतं. तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी शिकवणाऱ्यांचा मला म्हणूनच राग येतो. फाडफाड कशाला? भाषा म्हणजे काय मांजरपाट आहे?

असो. माइट इतका जड, तर मस्ट किती जड असेल? तोच सहकारी एकदा म्हणाला, “यू मस्ट कम राउंड फॉर डिनर सम टाइम.” वहीप्रमाणे मस्ट म्हणजे आलंच पाहिजे. शनिवारी संध्याकाळी सहाला चिवड्याचा डबा घेऊन मी त्याच्या दारात हजर. तो अर्ध्या चड्डीत बागेला पाणी घालत होता. टोस्ट आणि उकडलेली अंडी खाऊन परत आलो. तेव्हा लक्षात ठेवा, घरमालकिणीचा माइट दगडासारखा आणि यजमानाचा मस्ट पिसासारखा. कोण कुणाला म्हणतंय, त्यावर वजन ठरतं. आपल्याकडेही ‘या एकदा जेवायला’ म्हणणारा तारीख सांगत नाही तोवर घरचा कुकर लावावाच.

आता नकारात मात्र जपून. मघाशी मी म्हणालो, ‘सांगायला नको’. म्हणजे सांगायची गरज नाही. पण ‘चारचौघांत असं बोलायला नको’ म्हटलं की ते बरोबर नाही, बोलू नये. आपला एकच ‘नको’ दोन्ही घरची कामं करतो. इंग्रजीत दोन माणसं लागतात. गरज नसेल तर डोन्ट हॅव टू किंवा नीड नॉट. मनाई असेल तर मस्ट नॉट. पुन्हा एकदा. गरज नाही, डोन्ट हॅव टू. मनाई, मस्ट नॉट. गावाला निघताना कामाच्या मावशींना आपण म्हणतो, “उद्या यायला नको हं.” याचं ‘यू मस्ट नॉट कम टुमारो’ केलंत तर मावशी समजतील, काढून टाकलं.

राहता राहिला शॅल. बोलण्यातून तो कमी झालाय, पण कायद्यात ठाण मांडून आहे. आपल्या संविधानाचं पहिलंच कलम, ‘इंडिया, दॅट इज भारत, शॅल बी अ युनियन ऑफ स्टेट्स’. हा शॅल भविष्य वर्तवत नाही, तो... काचेपलीकडून बोट वर झालंय. शॅल पुढच्या बुधवारी, याच वेळी. नमस्कार.