बँड दिसला, पण कुणाचा?

(दृश्य: अंधारी खोली. पांढऱ्या पटलावर हळूहळू उमटणारी काळी रेघ.)

ही रेघ बघा. जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी. प्रयोगशाळेत हिला बँड म्हणतात. पेशीतल्या हजारो प्रथिनांपैकी आपल्याला हवं असलेलं इथं सापडलं, असा तिचा दावा. तंत्राचं नाव वेस्टर्न ब्लॉट.

नावाची गंमतच आहे. डीएनए शोधायची पद्धत १९७५ मध्ये एडविन सदर्न यांनी मांडली, म्हणून ती सदर्न ब्लॉट. आरएनएची पद्धत आली, तिला कुणी गमतीनं नॉर्दर्न म्हटलं. प्रथिनांवर असंच काम करणाऱ्या नील बर्नेट यांनी १९८१ मध्ये दिशांचा हा खेळ पुढं नेला. ते होते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, सिॲटलला!

(दृश्य: जेलच्या चौकटीत सरकणारा निळा रंग.)

पेशी फोडून प्रथिनं डिटर्जंटमध्ये उकळली आहेत. वीज सुरू केली की लहान प्रथिनं जेलमधून, म्हणजे जेलीसारख्या थरातून, पुढं पळतात, मोठी मागं रेंगाळतात. मग ती सगळी, आहे त्या जागी, पटलावर उतरवायची.

आणि आता दूध. हो, दुधाची पावडर. पटलाला कुठलंही प्रथिन चिकटतं आणि आपलं प्रथिन ओळखून धरायला जी सोडायची, ती अँटिबॉडी हेही प्रथिनच. रिकाम्या जागा दुधानं भरल्या नाहीत, तर ती वाटेल तिथं बसेल आणि सगळं पटल काळं होईल.

पहिली अँटिबॉडी, समजा, सशाची. ती आपलं प्रथिन धरते, पण दिसत नाही. दुसरी शेळीची, ती सशाच्या अँटिबॉडीला धरते. तिच्याबरोबर एक विकर (एन्झाइम) आलेलं असतं. त्याच्यामुळं प्रकाश पडतो आणि बँड उमटतो.

पण पहिलीनंच चुकीचा माणूस धरला असेल तर?

(दृश्य: फ्रीजरमधल्या अँटिबॉडीच्या इवल्याशा कुप्या.)

इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा दुसरा ग्राही (त्याला धरून पेशीला निरोप देणारं प्रथिन), ईआर-बीटा, १९९६ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी जगापुढं आणला. स्तनाच्या कर्करोगात तो काय करतो, यावर पुढं वर्षानुवर्षं काम झालं. २०१७ मध्ये स्वीडनमधल्याच एका गटानं त्याच्या १३ अँटिबॉडी तपासल्या. कसोटीला नीट उतरली फक्त एक. ती वापरून पाहिलं, तर ईआर-बीटा अंडाशयात आणि वृषणात सापडला. स्तनाच्या ऊतींत, निरोगी असोत वा कर्करोगाच्या, सापडलाच नाही. आधीच्या किती निष्कर्षांखालची जमीन सरकली असेल!

म्हणून शेजारी ही दुसरी लेन, दुसऱ्या नमुन्याची पट्टी. पेशी त्याच, पण हव्या त्या प्रथिनाचं जनुकच काढून टाकलेलं. इथं पटल कोरं राहायला हवं.

(दृश्य: पटल जवळून. दोन्ही लेनमध्ये, एकाच उंचीवर, सारखेच काळे बँड.)

कुपी नवी आहे. महागही. विद्यार्थिनी तिच्यावर मार्करनं फुली मारते.