कोणत्या अस्वलाला सोडायचं?

मित्रहो, आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर अस्वलाच्या शिकारीचा विषयच संपला. अमेरिकेत आणि कॅनडात मात्र काळ्या अस्वलाची शिकार आजही परवाना काढून, ठरलेल्या हंगामात होते. शिकार तुम्हाला पटो वा न पटो, तिथल्या शिकाऱ्याचा निम्मा अभ्यास कोणत्या अस्वलाला सोडायचं याचाच असतो, आणि तो ऐकण्यासारखा आहे.

रंगावर तर अजिबात जायचं नाही. पूर्वेकडच्या जंगलांत ही अस्वलं बहुतेक काळीच. पण रॉकी पर्वताकडे सरकलात की तपकिरी, दालचिनी रंगाची, अगदी पिवळसरसुद्धा सापडतात. त्याच भागात ग्रिझली हे मोठं तपकिरी अस्वलही राहतं, आणि अलास्का सोडून बाकीच्या अमेरिकेत त्याला १९७५पासून कायद्याचं संरक्षण आहे. म्हणून मोंटाना राज्यात परवान्याआधी अस्वल ओळखायची परीक्षा द्यावी लागते. ग्रिझलीच्या खांद्यावर वशिंड असतं. काळ्या अस्वलाचा मागचा भाग उंच दिसतो. ग्रिझलीचा चेहरा मध्ये खोलगट, काळ्याचा कपाळापासून नाकापर्यंत जवळजवळ सरळ. ग्रिझलीची पुढची नखं लांब, जमीन उकरायला सोयीची. काळ्याची आखूड आणि बाकदार, झाडावर चढायला. पण एकाच खुणेवर विसंबलात की फसलात. मान खाली घालून चरणाऱ्या काळ्या अस्वलालाही वशिंड असल्याचा भास होतो!

दुसरी फसगत आकाराची. केसांमुळे अस्वल आहे त्याहून थोराड वाटतं. अशा वेळी कान बघायचे. पोरसवदा अस्वलाचं डोकं लहान, म्हणून कान मोठे आणि डोक्यावर उभे दिसतात. जुन्या नराचं डोकं इतकं रुंद झालेलं असतं की कान चिमुकले, दोन बाजूंना सरकल्यासारखे वाटतात.

सगळ्यांत जपायचं ते पिल्लांच्या आईला. पिल्लं जानेवारीच्या सुमारास गुहेत जन्मतात, जेमतेम ३०० ग्रॅमची, आणि पुढे दीडेक वर्ष आईबरोबर असतात. अनेक राज्यांत अशा मादीला मारणं गुन्हा आहे. पण जरा चाहूल लागली की ती पिल्लांना झाडावर पिटाळते, आणि तुम्हाला दिसते खाली एकटी उभी असलेली मादी. बंदूक मांडीवर ठेवून नुसतं बघत बसायचं, वरच्या फांद्यासुद्धा. एवढा धीर नसलेल्या माणसाने या वाटेला जाऊच नये, असं माझं मत.

शरद ऋतूत अस्वल खाण्यासाठी वेडं होतं. दिवसाला २०,००० कॅलरीपर्यंत! ओकची फळं ज्या डोंगरावर जास्त, तिथे अस्वलं. पुढे थंडी वाढली की गाभण माद्या सगळ्यांत आधी गुहेत शिरतात आणि नर बराच काळ बाहेर भटकत राहतात. काही राज्यं शिकारीचा हंगाम मुद्दाम उशिरा ठेवतात, ते या गाभण माद्या वाचाव्यात यासाठीच.