रविवारपुरती मायबोली

नमस्कार श्रोते हो. बुधवारची रात्र, रेडिओ सिलोन आणि खरखरीतून वर येणारा अमीन सायानींचा आवाज ज्यांच्या कानात अजून आहे, त्यांना आजची गोष्ट निम्मी ठाऊकच आहे. 1952 मध्ये आपल्या पुण्याच्या बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांनी नभोवाणीमंत्री म्हणून आकाशवाणीवर हिंदी सिनेमाच्या गाण्यांना आळा घातला, आणि अख्ख्या देशानं रेडिओचा काटा शेजारच्या बेटाकडे वळवला. मोठ्या घरात जे मिळत नाही, ते धाकटा शेजारी पुरवतो.

युरोपातला असा धाकटा शेजारी म्हणजे लक्झेंबर्ग. एका बाजूला फ्रान्स, दुसरीकडे जर्मनी, तिसरीकडे बेल्जियम. क्षेत्रफळ 2586 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गोव्याहूनही लहान. सिलोनचं केंद्र सरकारी होतं. इथं मात्र सरकारनं प्रसारणाचा सगळा मक्ता 1931 मध्ये स्थापन झालेल्या एका खासगी कंपनीला देऊन टाकला. भांडवल मुख्यतः फ्रेंच. कंपनीनं जाहिरातींवर कमवावं आणि सरकारला त्याचा वाटा द्यावा, असा साधा हिशेब. 1933 मध्ये रेडिओ लक्झेंबर्ग सुरू झाला तो दीर्घ लहरींवर, आणि त्या लहरी आपसात वाटून घेणारे इतर देश संतापले. बीबीसीवर जाहिराती नव्हत्या आणि रविवार तर अगदी सोवळ्यातला. त्यामुळे इंग्रज श्रोते रविवारी बिनदिक्कत लक्झेंबर्ग लावू लागले.

जाता जाता एक गंमत सांगतो, रेडिओवरच बोलतोय म्हणून. 1933 मध्येच हॉलंडमधले शास्त्रज्ञ टेलेगेन एक स्विस केंद्र ऐकत होते, तर त्याच्या पाठीमागे लक्झेंबर्गचं केंद्र वाजतंय! लक्झेंबर्गची लहर इतकी जोरकस होती की वरच्या वातावरणातून जाताना ती दुसऱ्याच्या लहरीवर आपला ठसा उमटवत होती. विज्ञानात याला आजही ‘लक्झेंबर्ग परिणाम’ म्हणतात.

1955 च्या जानेवारीत याच कंपनीनं दूरचित्रवाणी सुरू केली. देशाची वस्ती तेव्हा जेमतेम तीन लाख. एवढ्या गिऱ्हाइकांवर दुकान कसं चालणार? म्हणून मनोरा उभा राहिला तो डुडलांजला, अगदी फ्रान्सच्या सीमेला टेकून. कार्यक्रमांची भाषा फ्रेंच, प्रेक्षक सीमेपलीकडचे. फ्रान्सच्या सरकारी वाहिनीवर 1968 पर्यंत कंपन्यांच्या जाहिराती दिसतच नव्हत्या. मग सीमेपलीकडच्या, फ्रान्सच्या लॉरेन प्रांतातल्या गिऱ्हाइकाच्या घरात साबण पोचवायचा तर वाट लक्झेंबर्गवरूनच.

त्याच मनोऱ्यावर 31 जुलै 1981 रोजी बेल्जियमच्या हवाई दलाचं मिराज विमान आदळलं. वैमानिक गेला, आणि मनोऱ्याखाली राहणारं एक जोडपंही.

1984 चा 2 जानेवारी आला. जर्मनीत खासगी वाहिन्यांचं दार नुकतं किलकिलं झालं होतं, आणि लक्झेंबर्गमधून याच कंपनीची आरटीएल प्लस ही जर्मन वाहिनी सुरू झाली. सुरुवातीला ती सीमेजवळच्या थोड्या भागातच दिसायची. चार वर्षांनी तिनं बिऱ्हाड कोलोनला हलवलं आणि तिथंच ती मोठी झाली. 1989 मध्ये हॉलंडची पाळी. तिथल्या कायद्याला देशातली खासगी वाहिनी चालत नव्हती, परदेशातली केबलवरून आलेली चालत होती. मग डच लोकांची डच वाहिनी लक्झेंबर्गच्या परवान्यावर ‘परदेशी’ होऊन घरोघरी पोचली. वकिलांची करामत म्हणा हवं तर. मला मात्र त्यात मुरलेल्या दुकानदाराची नजर दिसते.

आणि घरची भाषा? लक्झेंबर्गच्या लोकांची स्वतःची बोली आहे, लक्झेंबर्गी. घरात, बाजारात तीच. पण 1955 च्या त्या फ्रेंच वाहिनीवर तिला जागा मिळाली ती 1969 मध्ये, तीही फक्त रविवारी. ‘हाय एलाय, कुक एलाय’ असं त्या कार्यक्रमाचं नाव. म्हणजे साधारण ‘इकडे, बघा इकडे’. आठवड्यातले बाकीचे दिवस तिकडेच बघायचं! युरोव्हिजन गाण्यांच्या स्पर्धेतही तीच तऱ्हा. 1960 मध्ये कामिलो फेल्गेन यांनी लक्झेंबर्गी भाषेत गाणं म्हटलं आणि शेवटचा नंबर पटकावला. त्यानंतर देशानं पाच वेळा ही स्पर्धा जिंकली, पाचही वेळा बाहेरून आणलेल्या गायकांच्या फ्रेंच गाण्यांवर. 1972 आणि 73 अशी लागोपाठ दोनदा जिंकल्यावर तर जिंकणाऱ्याकडे येणारं पुढच्या वर्षीचं यजमानपद खर्च परवडत नाही म्हणून नाकारलं. शेजाऱ्यांकडून कमवायचं, खर्चाची वेळ आली की आपण लहान!

1984 मध्ये कायद्यानं लक्झेंबर्गीला राष्ट्रभाषेचा मान दिला. तरी तिचा रोजचा कार्यक्रम सुरू व्हायला 1991 उजाडलं. रविवारचं ते ‘हाय एलाय’ आता आठवडाभराचं झालं. हल्ली तिथं संध्याकाळी साडेसातला लक्झेंबर्गीतून बातम्या लागतात, आणि फ्रेंच बोलणाऱ्यांसाठी खाली फ्रेंच अक्षरं येतात.